गुवाहाटी: ब्रह्मपुत्रेवरचा रोपवे कधी करावा? (सासूबाई सोबत)

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिलाँग-चेरापुंजी उरकून परतीच्या दिवशी गुवाहाटीत आहोत. विमान रात्री ८ ला. कामाख्या करायचंच आहे, सासूबाईंचा नवस आहे. त्याच दिवशी रोपवेही बसवायचाय. आम्ही चौघं: मी, नवरा, आठ वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी). टॅक्सी सोडून रोपवेचा खर्च पाचशेच्या आत हवा. किती वाजता जावं, तिकीट एकेरी घ्यावं की परतीचं, आणि सासूबाईंना झेपेल का?

भटक्या_सातारकर
संध्याकाळीच जा. सूर्यास्त बघितला नाही तर काय बघितलं? आणि एवढ्या लांब जाताय तर काझीरंगा का नाही करत? दोन रात्री वाढवा. आम्ही जीप सफारी केली होती, गेंडा इतक्या जवळ आला की बायकोने माझा दंड सोडला नाही. फोटो टाकतो सवडीने.

शेवग्याची_शेंग
काझीरंगा पुढच्या वेळी. विमानाची तिकिटं काढून झालीत.

मीनल_ठाणे
संध्याकाळला +१. पण सातारकर, 'संध्याकाळी' म्हणजे आपल्याकडची सहा-साडेसहा नव्हे. डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य बुडतो आणि पाचला मिट्ट काळोख. आम्ही हॉटेलात चहा पीत निवांत बसलो आणि खाली उतरलो तर रस्त्यावर दिवे लागलेले. सूर्यास्त हवा असेल तर साडेतीनला रांगेत असायला हवं.

नाना_पाटणकर
परतीचंच घ्या. आम्ही गेलो तेव्हा एकेरी ६० आणि परतीचे १०० होते, आताचं बघून घ्या. कचारी घाटावरून चढायचं, पलीकडे उत्तर गुवाहाटीत दोल गोविंद मंदिरापाशी उतरायचं. जाताना डावीकडची काच धरा. ती पश्चिम, म्हणजे कामाख्येचा नीलाचल डोंगर आणि खालच्या अंगाला सराईघाट. बहुतेक जण उभेच असतात, म्हणून आजींसाठी दारातच सांगून जागा मागून घ्या.

बाळ्या१९७८
लोक रोपवेचं इतकं कौतुक का करतात कळत नाही. रायगडाच्या रोपवेत बसलेल्या माणसाला यात काय नवल? सरळ वर जातो तो खरा रोपवे.

नाना_पाटणकर
बाळ्याभाऊ, रायगडाला खाली दरी आहे, इथे खाली ब्रह्मपुत्रा. १.८ किलोमीटर नदीवरून जातो, नदी ओलांडणारा भारतातला सर्वांत लांब.

केदार_एनजे
सर्वांत लांब? गुलमर्गचा गोंडोला विसरलात वाटतं. बाकी इथे न्यूयॉर्कला रूझवेल्ट आयलंडची ट्राम (म्हणजे रोपवेच) आहे, ईस्ट रिव्हरवरून, १९७६ पासून. सबवेच्याच भाड्यात. आमच्याकडे कोणी आलं की मी हमखास तिथेच नेतो.

मीनल_ठाणे
नाना 'नदी ओलांडणारा' म्हणाले. गुलमर्गला नदी नाही. आणि शेवगाताई गुवाहाटीला चालल्यात, न्यूयॉर्कला नव्हे :)

गोदाकाठ
आमचा ग्रुप टूर होता (कंपनीचं नाव लिहीत नाही, डोक्याला ताप). कार्यक्रमपत्रिकेत 'रोपवेने उमानंद दर्शन' असं छापलं होतं (उमानंद म्हणजे नदीतल्या बेटावरचं शिवमंदिर). एक काका हातात फुलांची पुडी घेऊन डब्यात चढले आणि बेट मागे जायला लागल्यावर 'अहो, थांबवा की!' म्हणाले. रोपवे उमानंदला थांबत नाही. बेट वरून छान दिसतं, पण उतरायचं असेल तर बोटीनेच जावं लागतं, आणि तिथे पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांनी विचार करावा.

भटक्या_सातारकर
मग बोटच करा! संध्याकाळची क्रूझ घ्या चांगली, वर गाणी, जेवण. चौघांचे दोन-अडीच हजार होतील फार तर. पैशाचं काय घेऊन बसलात.

इतिहासवेडा_पुणे
अवांतर, पण राहवत नाही. सराईघाटचं नाव निघालं म्हणून. १६७१ ला आसामच्या आहोम राज्याचा सेनापती लाचित बोरफुकन याने जिथे मोगलांचा धुव्वा उडवला ती हीच जागा. आणि मोगलांचा सेनापती कोण? मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग. ज्याच्या भरवशावर महाराज १६६६ ला आग्र्यात होते, तोच! महाराज निसटले, बादशहाची मर्जी उतरली आणि गडी आसामात. नदी गुवाहाटीजवळ अगदी अरुंद होते, म्हणून आरमारी लढाईही तिथे आणि पुढे पूलही तिथेच. लाचितचा पुतळा नदीपात्रात आहे, मुलाला नक्की दाखवा.

बाळ्या१९७८
हे रोपवेच्या धाग्यावर कशाला?

इतिहासवेडा_पुणे
तुम्ही रायगड आणलात तेव्हा चाललं?

पूर्वा_गुवाहाटीकर
नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या इथेच आहे. रांगेचं गणित सांगते. डबे दोनच. एक इकडून सुटतो तेव्हाच दुसरा तिकडून, मध्यावर एकमेकांना ओलांडतात. एका डब्यात तीस माणसं आणि चालक. एका बाजूची फेरी आठ-नऊ मिनिटांची, वर चढ-उतार. म्हणजे तुमच्यापुढे शंभर माणसं असतील तर पाऊण तास उभं राहणं आलं. रविवारी आणि सूर्यास्ताच्या वेळी तेवढी सहज असतात. परत येतानाही तिकडे तीच रांग. सूर्यास्ताचा मोह असला तरी आठचं विमान गाठायचं असेल तर पाचला गाडीत बसलेलं बरं, विमानतळ बोरझारला, शहराच्या पार पश्चिमेला, आणि त्या वेळी रस्ता भरलेला असतो.
कामाख्या सकाळी लवकर करा. दुपारी एकच्या सुमारास नैवेद्यासाठी दार बंद होतं, मग अडीचला उघडतं. डिसेंबरात सकाळी नदीवर धुकं असतं, त्यामुळे रोपवे सकाळी नकोच. वारा सुटला तर बंद ठेवतात, निघण्यापूर्वी खात्री करा. दोल गोविंद स्टेशनपासून जवळ आहे, पण थोडा चढ आहे.

नाना_पाटणकर
उत्तम माहिती. म्हणजे मी म्हणालो तेच, परतीचं तिकीट घ्या.

मीनल_ठाणे
आणि कामाख्या आधी. सगळ्यांचं एकमत आहे.

शेवग्याची_शेंग
सगळ्यांचे आभार. पूर्वा, रांगेचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं, तो सूर्यास्ताचा हट्ट सोडून मोकळा झाला. धागा सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्यांचा निकाल असा: रोपवे सकाळी उघडताच, पहिल्या डब्यात. धुकं असलं तर असू दे, 'नदी खाली आहे हे माहीत आहे ना, मग झालं'. परतीचं तिकीट, दोल गोविंद बाहेरून नमस्कार. कामाख्या दुपारी अडीचच्या रांगेत.

मीनल_ठाणे
अहो, नवस आधी नको का? आणि दुपारची रांग केवढी असेल!

शेवग्याची_शेंग
मीही तेच म्हणाले. 'देवी कुठे पळून जात नाही, रोपवे वारा आला की बंद होतो,' असं उत्तर मिळालं. मी हात टेकले. पूर्वा, मधल्या वेळात पानबाजारात शाकाहारी जेवण मिळेल ना? त्यांना साधा वरणभात चालतो.

पूर्वा_गुवाहाटीकर
मिळेल. थाळी सांगा, भात-डाळ-भाजी येतेच. फक्त 'शाकाहारी' हे ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर डाळीसोबत मासा येईल.

भटक्या_सातारकर
मासाच खा की. आम्ही तिकडे तेंगा खाल्ला होता, आंबट, बोटं चाटत राहाल.