मदत हवी आहे: साधा फोन असलेल्या वडीलधाऱ्यांना ईस्टरच्या उपासनेत कसं घ्यावं?

नमस्कार. मी पुण्यातल्या पेठेतल्या एका छोट्या मराठी चर्चची सभासद. १५ मार्च २०२०ची उपासना झाली आणि त्यानंतर कोरोनामुळे दाराला कुलूप लागलं, मग लॉकडाऊन. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार, १२ला ईस्टर. हातात चारच दिवस आहेत, म्हणून इथे विचारतेय.

पाळकसाहेब रविवारी झूमवर उपासना घेतात. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद पडते, काल ती नेमकी आशीर्वादाच्या वेळी पडली. ते निभावून नेऊ. खरी काळजी आमच्या अकरा वडीलधाऱ्यांची आहे. बटणांचा फोन, मुलं परगावी, बहुतेक जण घरात एकटे.

काल झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. संध्याकाळी एका आज्जींना फोन केला. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, "आज कोणती गीतं घेतली? नंबर सांग," म्हणाल्या. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक त्यांच्या मांडीवरच असणार, पानं उलटल्याचा आवाज येत होता. तिन्ही गीतं त्यांनी मला फोनवर म्हणून दाखवली, एकही कडवं न गाळता. मग म्हणाल्या, "आता झाला माझा रविवार."

गेल्या आठवड्यात आमच्यातले एक आजोबा वयोमानाने गेले. मातीला वीसच माणसांची परवानगी, आणि रस्ते बंद असल्याने पोहोचले सात जण. गीत उचलून धरेल असा आवाज त्यांच्यात नव्हता. चाळीस वर्षं जो माणूस मंडळीत गायला, त्याला न गाता निरोप दिला. म्हणून 'रेकॉर्डिंग नंतर ऐकवू' हे मला पटत नाही.

लॅपटॉपशेजारी फोन स्पीकरवर ठेवून पाहिला, नुसता घुमतो. झूमवर सगळ्यांनी एकत्र गायलं तर प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचतो आणि गोंधळ होतो.

आणखी एक. आवारात राहणाऱ्या काकांनी फोटो पाठवलाय. कडुनिंब फुललाय, पायऱ्यांवर मोहोराचा सडा पडलाय, आत गीतांच्या पाटीवर अजून १५ मार्चचेच नंबर. दरवर्षी ईस्टरची फुलं मंडईतून येतात. यंदा संडे स्कूलच्या मुलांना सांगितलंय, खिडकीतून जे फुललेलं दिसेल ते लिहा. आतापर्यंत पांगारा, पिंपळाची तांबूस पालवी आणि 'आमच्या कुंडीत मोगऱ्याच्या तीन कळ्या' एवढं जमलंय. हे आज्जी-आजोबांपर्यंत कसं पोहोचवू?

(प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, पुन्हा एकत्र जमू तेव्हाच, असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. त्यावर इथे चर्चा नको, ही विनंती.)

प्रतिसाद, अहमदनगरहून:
ताई, कॉन्फरन्स कॉल करा. वडीलधाऱ्यांना फक्त फोन उचलायचाय, जोडायचं काम तुमचं. एकाला लावा, त्याला होल्डवर ठेवून दुसऱ्याला लावा, मग मर्ज करा. सहसा तुम्हाला धरून सहा जण मावतात, म्हणजे अकरांसाठी तीन गट आणि जोडणारी तीन माणसं. एकत्र गाऊ नका, फोनवरही आवाज मागेपुढे होतोच. एका घराने एक कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि शनिवारीच एकदा करून बघा. आमच्या पहिल्या खेपेला दोघांनी होल्डचं संगीत ऐकून फोन ठेवून दिला होता.

प्रतिसाद:
त्यांना नुसतं ऐकणारं ठेवू नका, एवढंच सांगेन. शुक्रवारी बारा ते तीनमध्ये येशूचे क्रुसावरचे सात उद्गार घेता ना? त्यातले दोन-तीन त्यांच्याकडे द्या. आदल्या दिवशी फोन करून, त्यांना विचारून, वाचन दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा आणि उपासनेत लावा. औषधं-किराणा पोहोचवणारी तुमची तरुण मुलं असतीलच. त्यांच्या पिशवीत गीतांचे नंबर ठळक अक्षरात लिहून पाठवा, सोबत मुलांची फुलांची यादीही.

धागाकर्ती, १२ एप्रिल, दुपारी:
दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवारी तिसरा उद्गार, येशूने आईला शिष्याच्या हवाली केलं तो, त्याच आज्जींनी वाचला. त्यांचा मुलगा परदेशात आहे. मध्ये त्या थोड्या थांबल्या, रेकॉर्डिंगमधली ती शांतता आम्ही कापली नाही.

आज पहाटे सहाला तीन कॉल जोडले. अकरापैकी नऊ जण आले. एक आजोबा झोपून राहिले, एकांचा फोन चार्ज नव्हता. कडवं एका घराचं असं ठरवूनही पहिल्या ओळीलाच सगळ्यांनी एकदम सूर लावला. गोंधळ झाला, पण कुणाला थांबवावंसं वाटलं नाही. मोगऱ्याच्या तीन कळ्या उमलल्या, हे त्या मुलीने स्वतः कॉलवर येऊन सांगितलं.

आज्जींनी पुढच्या रविवारचे नंबर आताच मागून घेतलेत. आता एक अडचण उरलीय: एका आजोबांना कमी ऐकू येतं आणि त्यांच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवूनही पुरत नाही. साध्या फोनला जोडता येईल असं काही कुणी वापरलंय का?