शब्दचर्चा: टॅबमधल्या ‘व्हॉइस’ला मराठीत काय म्हणावं, आणि टॅब ‘काढणं’ की ‘बसवणं’?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी क्लासिकल गिटार शिकवते, माझे बरेचसे विद्यार्थी मराठी माध्यमातले आहेत आणि त्यांच्यासाठी म्यूझस्कोर या संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ नोटेशनवरून (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीवरून) टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांनी दाखवणारी लिपी, कशी तयार करायची याची माहिती मराठीत लिहून काढतेय. एकाच सुरावटीचं गाणं असेल तोवर काही अडत नाही, टॅबची ओळ जोडली की आकडे येतात आणि थोडेफार बदलले की झालं. पण बाखचा ई मायनरमधला बूरे (एक नृत्यरचना) घ्या, बाखच्या रचनांच्या यादीतल्या बीडब्ल्यूव्ही ९९६ मधला, त्यात वर एक सुरावट आणि खाली दुसरी अशा दोन एकाच वेळी चालतात, आणि तिथे मला शब्दच सापडत नाहीये. सॉफ्टवेअर म्हणतं व्हॉइस. मी आधी ‘स्वर’ लिहिलं, तर ‘दोन्ही स्वर वेगळे टाइप करा’ म्हणजे दोन्ही नोटा वेगळ्या टाइप करा असं पोरांनी वाचलं. ‘आवाज’ लिहिलं की व्हॉल्यूम. आणि अशा संगीताला ‘बहुस्वरी’ म्हणावं तर साध्या कॉर्डमध्येही चार-पाच स्वर असतातच की. तर व्हॉइसला आणि पॉलिफोनिकला काय म्हणता तुम्ही लोक?

प्रतिसाद

सरळ व्हॉइसच लिहा ना ताई. मेनूमध्ये तेच दिसणार आहे, मुलांना तेच बटण शोधायचंय. मराठी शब्द दिला की ती मेनूत मराठी शब्द शोधत बसतील.

प्रतिसाद

वरच्यांचं बटणापुरतं पटतं, पण समजावून सांगायला शब्द लागतोच. मी ‘पेड’ सुचवेन, वेणीचे पेड असतात तसे, तीन पेड वेगळे पण वेणी एक. सुरावटीसुद्धा एकमेकींवरून जातात, कधी खालची वर येते, पण पेड कुठला ते कळत राहतं.

प्रतिसाद

पेड अर्थाला छान आहे पण सॉफ्टवेअरच्या माहितीत ‘दुसरा पेड निवडा’ लिहिलं की निम्मे लोक पेड व्हर्जन, म्हणजे पैसे भरायचं व्हर्जन, असंच वाचणार! ‘पदर’ घ्या. तीनपदरी हार, दोनपदरी दोरा हे सगळ्यांना माहीत आहे. दोनपदरी संगीत, बहुपदरी संगीत. कॉर्डचा घोळही यात मिटतो, कारण कॉर्डमध्ये स्वर कितीही असले तरी ते एकदम सुरू होऊन एकदम संपत असतील तर पदर एकच.

प्रतिसाद

पदर एकदम बरोबर बसतो, आणि तो का बसतो ते जरा विस्ताराने लिहितो, कारण या शब्दावरच पुढे टॅब नीट येते की बिघडते ते ठरतं असं माझं ठाम मत आहे.

स्टाफ नोटेशन सांगतं कुठला सूर, किती वेळ आणि कुणाचा, म्हणजे कुठल्या पदराचा. वरच्या पदराच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली, त्यामुळे एकाच ओळीवर दोन्ही वाचता येतात. टॅब सांगते बोट कुठे, म्हणजे कुठली तार आणि कुठला फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेली जागा). नोटेशनमध्ये तार लिहिलेलीच नसते आणि टॅबमध्ये पदर लिहिलेलाच नसतो, सहा रेघा म्हणजे सहा तारा, सहा पदर नव्हेत, आणि नवीन माणूस तिथेच फसतो, त्याला वाटतं खालच्या रेघांवरचे आकडे म्हणजे बास. खालचा पदर चढत चढत तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर येतो तेव्हा तो समज कोसळतो.

आता सॉफ्टवेअरची अडचण बघा. पहिली तार खुली वाजवली की जो ई येतो तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसरीवर नवव्याला, चौथीवर चौदाव्याला आणि पाचवीवर एकोणिसाव्याला. क्लासिकल गिटारवर एकाच सुराच्या पाच जागा. नोटेशनमधून आलेल्या ई साठी यातली कुठली घ्यायची हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसतं, मग ते आपलं साधारणपणे कमी आकड्याची जागा धरतं. एकाच पदराला हे बऱ्यापैकी चालतं. दोन पदर आले की काय होतं ते एका उदाहरणात सांगतो. वरच्या पदरात डी आहे, दोन मात्रा धरून ठेवायचा, दुसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट. दुसऱ्या मात्रेवर खालच्या पदरात सी येतो, त्याची कमी आकड्याची जागा दुसऱ्याच तारेवर पहिला फ्रेट. दोन्ही एका क्षणी सुरू होत नाहीत म्हणून आकडे एकमेकांवर चढलेले दिसत नाहीत, टॅब दिसायला अगदी स्वच्छ असते, पण वाजवताना सी घेतला की डी तुटला. धरून ठेवायचा सूर तुटला की त्या जागेची सगळी मजाच गेली, ती त्या दोन सुरांच्या घासण्यातच होती. इथे सी तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला न्यावा लागतो, मग दोन्ही टिकतात आणि हातही फार ताणत नाही. ही जागा आकड्यांकडे बघून सापडत नाही, पदर माहीत असतील तरच सापडते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नोटेशनमध्येच पदर वेगळे करून घ्या, म्यूझस्कोरमध्ये एका स्टाफवर चार व्हॉइस मिळतात, निळा, हिरवा, केशरी, जांभळा असे त्यांचे रंग असतात, सगळं काळं छापलं तरी सूर निवडला की रंग दिसतो. वरचा पदर पहिल्यात, खालचा दुसऱ्यात. मग टॅबची ओळ त्याच वाद्याला लिंक्ड स्टाफ म्हणून जोडा, म्हणजे एकीकडे बदललेला सूर दुसरीकडे आपोआप बदलतो. आणि तिसरी गोष्ट, जी मराठीत कुठेच नीट लिहिलेली दिसत नाही: गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष वाजतं त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. पियानोच्या किंवा ल्यूटच्या (गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य) फाइलमधून सूर उचलून आणले आणि हे लक्षात ठेवलं नाही तर टॅबमधले आकडे बारा-पंधराच्या पुढे धावतात किंवा खालचे सूर गिटारवर उरतच नाहीत. सहावी तार डी ला उतरवायची असेल तर तेही आधीच वाद्याच्या सेटिंगमध्ये घाला, नंतर बदललं की सहाव्या तारेवरचा प्रत्येक आकडा दोनने सरकतो आणि आधी बसवलेलं पुन्हा तपासावं लागतं.

प्रतिसाद

वाह. यात मिडी फाइलचं जोडतो, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच साठवणाऱ्या फाइलचं. मिडीमध्ये तार नसतेच आणि पदरही बहुतेक वेळा एका चॅनेलमध्ये कोंबलेले असतात, त्यामुळे मिडीवरून थेट टॅब काढणाऱ्यांचा जो गोंधळ होतो तो सॉफ्टवेअर वाईट म्हणून होत नाही, माहितीच तिथपर्यंत पोचलेली नसते. म्युझिकएक्सएमएल, म्हणजे नोटेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल, मिळत असेल तर तेच घ्या, त्यात व्हॉइसचा नंबर असतो आणि तार-फ्रेट लिहायचीही सोय आहे. फिनाले या नोटेशनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली असलेल्यांनी तर हे लवकर करून ठेवावं, २०२४ मध्ये फिनालेचं काम बंद केल्याचं कंपनीने जाहीर केलं. फिनालेमध्ये यालाच लेअर म्हणायचे, म्हणजे ‘पदर’ तिथेही लागू पडतो की!

लिलिपॉन्डवाल्यांसाठी (म्हणजे नोटेशन मजकुरासारखं टाइप करायच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी): त्यात पॉलिफोनी टॅबमध्येही नेहमीच्या स्टाफसारखीच लिहायची, पण सुरापुढे तारेचा नंबर स्वतः लिहायची सवय करा. ‘किमान फ्रेट’ सांगायचीही सोय आहे, म्हणजे हात पाचव्या फ्रेटपाशी आहे असं सांगितलं की ते तिथून पुढच्या जागा शोधतं. टाइप करायला वेळ जातो पण निकाल नेमका मिळतो.

प्रतिसाद

मी सतार वाजवतो, गिटार नाही, पण वाचतोय मन लावून. फ्रेटला आपल्याकडे ‘पडदा’ आहेच, तो का नाही घेत कुणी? पाचवा पडदा किती छान वाटतं.

प्रतिसाद

काका, पडदा मलाही आवडतो. फक्त गिटारवाली पोरं फ्रेटच म्हणतात, आणि टॅबमध्ये शून्य आकडा येतो तो कुठल्याच पडद्याचा नसतो, खुल्या तारेचा असतो, ‘शून्यावा पडदा’ म्हणता येत नाही. ‘खुली तार’ मात्र ताईंनी जरूर लिहावं.

प्रतिसाद

आता शीर्षकातल्या दुसऱ्या भागाकडे कुणीच वळलं नाही म्हणून मी वळते. टॅब काढणं आणि टॅब बसवणं. ‘गाणं काढणं’ म्हणजे ऐकून सूर शोधणं, ‘मी त्या गाण्याची टॅब काढली’ असं आपण सर्रास म्हणतो. बटण दाबून सॉफ्टवेअर जे आकडे देतं तेही काढणंच झालं. पण वर दादांनी डी आणि सी चं जे सांगितलं ते काढणं नाही, ते बसवणं आहे, नाटक बसवतात, चाल बसवतात तसं संगीत त्या वाद्यावर, त्या हातावर बसवणं. बहुपदरी संगीताची टॅब बसवावीच लागते.

आणि हे काम नवीन नाही बरं का. युरोपात सोळाव्या शतकात चार-पाच गायकांसाठी रचलेलं संगीत एकट्या ल्यूटवर वाजवता यावं म्हणून टॅबलेचरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या टॅबमध्ये, उतरवायची मोठी परंपरा होती. ल्यूटच्या टॅबलेचरचं पहिलं छापील पुस्तक व्हेनिसला पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ मध्ये काढलं, स्पिनाचिनो या ल्यूटवादकाचं. १५६८ मध्ये विन्चेन्झो गॅलिली, म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी तर हे उतरवणं कसं करावं यावरच ‘फ्रोनिमो’ हा संवादरूपी ग्रंथ लिहिला. अडचण तेव्हाही हीच होती. टॅबलेचरच्या वर तालाची खूण एकच असायची, ती फक्त पुढचा सूर कधी वाजवायचा ते सांगायची, कुठला सूर किती धरायचा ते वाजवणाऱ्याने पदर ओळखून ठरवायचं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते स्पेनमधलं. लुईस मिलानचं ‘एल माएस्त्रो’ १५३६ मध्ये व्हॅलेन्सियाला छापलं, विहुएला या गिटारच्या चुलत वाद्यासाठी, त्यातल्या गाण्यांमध्ये गायची सुरावट टॅबच्या आकड्यांमध्येच लाल शाईने छापली आहे. बाकी आकडे काळे, गायकाचे लाल. म्हणजे पदराला रंग द्यायची कल्पना कॉम्प्युटरची नाहीच, ती हवी तर छापखान्यातल्या शाईची आहे. तुमच्या मुलांसाठी टॅब छापाल तेव्हा खालच्या पदराचे आकडे रंगवून द्या, म्यूझस्कोरमध्ये निवडून रंग बदलता येतो. कॉम्प्युटरच्या निळ्या-हिरव्यात अडकू नका, लाल-काळंच घ्या, कागदावर ते जास्त उठून दिसतं.

प्रतिसाद

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे मांडो (कोकणी गीतप्रकार) दोन पदरांतच गातात, वरचा एक आणि त्याच्या जोडीने चालणारा खालचा, मी तो एका गिटारवर बसवायला घेतला तेव्हा हाच प्रश्न आला. दोन पदर बराच वेळ अगदी शेजारी शेजारी चालतात, मध्ये एकच स्वर सोडून, त्यामुळे कमी आकड्याची जागा धरली की दोघांना एकच तार हवी असते. उपाय म्हणजे वरच्याला पहिली तार ठरवून टाकायची आणि खालच्याला दुसरी, आणि हात वर सरकवत न्यायचा. आकडे मोठे दिसतात, पोरं घाबरतात, पण वाजवायला तेच सोपं. आणि दोन पदर एकाच सुरावर येऊन मिळतात तिथे नोटेशनमध्ये दोन दांड्या दिसतात, टॅबमध्ये आकडा एकच लिहायचा. काही वेळा सॉफ्टवेअर दोन वेगळ्या तारांवर दोन आकडे देतं, त्यातला एक लपवून टाका, नाहीतर मुलं दोन्ही दाबायला जातात.

प्रश्नकर्ती

किती दिलंत सगळ्यांनी! ठरलं, समजावताना पदर, बटण सांगताना व्हॉइस १ आणि व्हॉइस २, पॉलिफोनिक म्हणजे बहुपदरी, खुली तार, आणि सॉफ्टवेअर टॅब काढतं, आपण बसवतो. एक शेवटचं विचारते. ‘वरची तार’ लिहू का? म्हणजे ‘सी वरच्या तारेवरून खालच्या तारेवर न्या’ असं?

प्रतिसाद

अजिबात नको ताई, यावरून तर खूप घोळ होतात. टॅबमध्ये सगळ्यात वरची रेघ म्हणजे बारीक तार, पहिली. गिटार मांडीवर घेतली की तीच तार सगळ्यात खाली, जमिनीकडे. आणि सुराने बघितलं तर ती पुन्हा वरची, कारण तिचा सूर उंच. एका ‘वर’चे तीन अर्थ. जुन्या इटालियन ल्यूट टॅबमध्ये तर जाड तारेची रेघच वर असायची, हातात वाद्य दिसतं तसं, आणि फ्रेंच पद्धतीत बारीक तारेची वर, शिवाय आकड्यांऐवजी अक्षरं. तेव्हा तारेला वर-खाली म्हणूच नका, नेहमी नंबर लिहा, दुसरीवरून तिसरीवर न्या, आणि पहिल्या पानावर एकदाच सांगून टाका की पहिली म्हणजे सगळ्यात बारीक आणि सहावी सगळ्यात जाड. ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द पदरांसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद

+१. आणि माहिती लिहून झाली की इथे टाका, माझ्या क्लासलाही हवीय.