मदत हवी आहे: टीव्हीवरच्या थंडीनं बाबांनी घर बंद करून टाकलं, कसं समजवू?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. साडेचार एकर शेती, कापूस-तूर आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा हरभरा, गहू. घरी आईबाबा, बायको, पाचवीतला पोरगा आणि सहा बकऱ्या.

तर झालं असं की आठ-दहा दिवसांपासून टीव्हीवर एकच चालू आहे, महाराष्ट्र गोठला, विदर्भात हाडं गोठवणारी थंडी, लाल पट्टी, त्या अक्षरांवर बर्फाचे खडे लटकलेले, आणि मागं दाखवून राहिले काश्मीरचं दल सरोवर. खाली आकडा निफाडचा. आता निफाड कुठं नाशिक जिल्ह्यात आणि आम्ही कुठं, पण बाबांना वाटते की हे सगळं आपल्याच वावरात होऊन राहिलं. मी म्हटलं बाबा डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे १०-१२ अंश असतेच न, दरवर्षी असते, त्याच्यात काय नवीन. तर म्हणे, "तुले जास्त कळते काय? ते टीव्हीवाले काय येडे हाय?"

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं. पण परवा रात्री बाराला लघवीला उठलो तर आईबाबांच्या खोलीचं दार आतून बंद, दाराच्या फटीत बारदाना कोंबलेला, खिडकीला युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक, आणि आत खाटेखाली घमेल्यात बाभळीचे निखारे. दार वाजवून वाजवून उघडायला लावलं तर आईला उठताना गरगरलं, डोकं जड झालं म्हणे. मी घमेलं उचलून अंगणात नेऊन ओतलं आणि दोघांना ओट्यावर बसवलं. मी सांगून थकलो की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघते, त्याला वास नाही रंग नाही, बंद खोलीत माणूस झोपेतच जाते. बाबांचं उत्तर एकच, "धूरच नाही तर होते काय?" काल पुन्हा घमेलं शोधून राहिले होते. मी ते बकऱ्यांच्या कुटाराखाली लपवलं आहे, इथं कोणी आमच्या गावचं असेल तर सांगू नका.

बाकी नुकसान वेगळंच. वेचणीच्या बाया आठाला यायच्या त्या आता दहा-साडेदहाला येऊन राहिल्या, त्यांच्याही मोबाइलवर तोच व्हिडिओ फिरते. (कापसावर दव असते तोवर वेचू नये हे मलाही मान्य आहे, ओला कापूस घरात गरम होते, पण दव नऊलाच वाळते न.) पोराला चार दिवस आंघोळ नाही, तो खूश. आणि बाबांनी कृषी केंद्रातून तुरीसाठी "थंडीचं औषध" म्हणून १२०० रुपयांची बाटली आणली. अरे तुरीच्या शेंगा भरत आल्या, फुलोऱ्यात असती आणि धुवारी म्हणजे धुकं पडलं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा फूल गळते. गहू-हरभऱ्याला तर ही थंडी पाहिजेच. बाटलीवर थंडीबद्दल एक अक्षर नाही, साधं बुरशीनाशक आहे.

गंमत म्हणजे खरी थंडी बाबांनी पाहिली आहे. २०१८ मध्ये २९ डिसेंबरला नागपूरला पारा ३.५ वर गेला होता. त्या आठवड्यात आमच्या शेतीपंपाच्या फिडरला रात्रीची लाइन होती आणि हा माणूस गोणपाट पांघरून रात्री दोनला गव्हात पाण्याची दारं मोडून राहिला होता. चकार शब्द नाही. तेव्हा घरचा सेट टॉप बॉक्स बिघडला होता.

मी थोडं वाचलं. हवामान खात्याच्या हिशेबात आपल्यासारख्या सपाट भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० किंवा त्याखाली पाहिजे आणि शिवाय ते नेहमीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी पाहिजे, नाहीतर मग सरळ ४ वर किंवा त्याच्याही खाली. म्हणजे नेहमी १२ असते तिथं ९.५ झालं तर ती लाट नाही, थंडी आहे. आणि यलो अलर्ट म्हणजे फक्त लक्ष ठेवा, तयारीत राहा म्हणायला ऑरेंज आणि हालचाल करा म्हणायला रेड. टीव्हीवर यलोलाही भोंगा वाजते. मधे दोन दिवस ढग होते तेव्हा रात्री उबदार होत्या, आभाळ मोकळं झालं तशी जमिनीची ऊब वर निघून गेली आणि पारा उतरला. ह्याचंच झालं "पारा ६ अंशांनी कोसळला".

हे सगळं बाबांना दाखवायला मी साधा थर्मामीटर आणला. तिथंच फसलो. त्यांनी तो गोठ्याच्या टिनावर ठेवला, पहाटे ६ दाखवला, आता गावभर सांगून राहिले की टीव्ही खरा आहे.

तर मदत ही पाहिजे: थर्मामीटर कुठं लावला तर खरा आकडा येईल, आणि निखाऱ्यांचं कसं समजवू की म्हातारा माणूस चिडणार नाही?

प्रतिसाद, आर्वीकडून

भाऊ, टिनावर ठेवला म्हणून ६ आला. टिन रात्री मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षा लवकर थंड होते, सकाळी गाडीची सीट ओली असते न, तसंच. हवामान खातं पांढऱ्या झडपेच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटावर मोजते. तुम्ही चहूबाजूंनी भोकं पाडलेली लाकडी पेटी छातीइतकी उंच लावा, भिंतीपासून दूर, टिनापासून दूर. आणि बाबांच्याच हातानं लावा, तुम्ही लावली तर आकडाही तुमचाच म्हणतील.

प्रतिसाद, पुसदहून

वाद घालू नका, आईला पुढं करा. आमच्या घरीही शेगडीचा हट्ट होता, "मले आत गरगरते, मी ओसरीत झोपतो" म्हणून मायनं अंथरूण बाहेर नेलं, दुसऱ्या दिवशी शेगडी अंगणात. शेकायचं तर झोपायच्या आधी बाहेर शेका, मग खोलीत दोन गोधड्या. आणि बकऱ्यांचा गोठा पोत्यांनी बंद केला असेल तर वरून हवा राहू द्या, मुताच्या वाफेनं खोकतात, मंग म्हणतात थंडी बाधली.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गोठा बंदच होता, दोन बकऱ्या खोकूनच राहिल्या होत्या, वरची पोती काढली. पेटी बाबांनी स्वतः ठोकली, निंबाच्या झाडाला, त्यात दिवसभर गेला, बातम्या पाहायच्या राहिल्या. आज पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेले, मी खिडकीतून पाहून राहिलो होतो. चष्मा विसरले म्हणून पोराला उठवलं. पोरानं वाचलं ११. बाबा म्हणे पुन्हा वाच.

ओसरीत झोपायची युक्ती आईला अजून सांगितली नाही, आज रात्री सांगतो. ती १२०० ची बाटली दुकानदार परत घेईल काय, कोणाला अनुभव? सील फोडलं नाही.