मदत हवी आहे: फिरत्या वसाहतीत लगोरी कशी खेळतील?

नमस्कार मंडळी. अंतराळ वसाहतीत वाढणाऱ्या मुलीची कथा नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी लिहिणं चालू आहे. परळच्या एका चाळीत ती मोठ्याने वाचायची आहे, त्यामुळे शब्द जिभेवर बसले पाहिजेत.

वसाहत चाकासारखी आहे. त्रिज्या २२४ मीटर, मिनिटाला २ फेरे, म्हणजे फिरण्यामुळे कडेच्या आतल्या बाजूला उभं राहिल्यावर पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. त्रिज्या कमी केली तर फेरे वाढवावे लागतात आणि मान वळवताच गरगरतं. म्हणून हे आकडे पक्के.

अडलंय ते लगोरीपाशी. २ मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडला तर तो फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे १८ सेंटीमीटर सरकून पडतो. पण जमिनीलगतून तेवढाच उंच उडवला तर फिरण्याच्या दिशेला सुमारे ७० सेंटीमीटर पुढे! तिथेच जन्मलेल्या मुलीचा हात हे आपोआप सांभाळेल, पृथ्वीवरून आलेल्या मामेभावाचा नेम मात्र चुकेल. धावतानाही तेच: सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरण्याच्या दिशेने धावलं तर वजन साधारण पाचव्या हिश्शाने वाढतं, उलट धावलं तर तेवढंच घटतं.

या दोन दिशांना मुलं काय म्हणतील? पूर्व-पश्चिम म्हटलं की सूर्य आठवतो, डावं-उजवं वळलं की बदलतं. 'जड बाजू' आणि 'हलकी बाजू' कसं वाटतं? याहून सुटसुटीत शब्द सुचवा.

शिवाय दादर-परळकडे कुठल्या बागेत हाताने फिरवायचं चक्र अजून चालू आहे? त्यावर बसून चेंडू समोरासमोर टाकला की तो वाकडा जाताना मुलांना दिसेल.