मदत हवी आहे: मॉर्स स्केलवर सगळेच 'हाय रिस्क', मग आधी लक्ष कोणाकडे द्यायचं?

मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. पेशंट बहुतेक पासष्टीच्या पुढचे. पडण्याचा धोका मॉर्स स्केलने मोजतो. पण आयव्ही लाइनचे (शिरेतली सलाइनची सुई) 20 गुण, दुसऱ्या आजाराचे 15, अशक्त चालीचे 10 धरले की 45 झालेच, म्हणजे हाय रिस्क. जवळपास प्रत्येकाच्या हातात पिवळा बँड. त्याला अर्थच उरलेला नाही.

झोपवून आणि उभं करून बीपी घेतो, झोपेच्या गोळ्या नोंदवतो. टाइम्ड अप अँड गो (खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसायला किती वेळ लागतो ती चाचणी) करून पाहिली, पण बरेच जण आधाराशिवाय उभेच राहत नाहीत. बेड अलार्म नाहीत, रात्री स्टाफ कमी. (पलंगाचे कठडे कृपया सुचवू नका, गोंधळलेले पेशंट ते ओलांडायला जातात आणि जास्त उंचावरून पडतात.)

तुम्ही कटऑफ वाढवलात, की रात्री कोणाकडे आधी जायचं हे स्कोअर सोडून दुसऱ्या कशावरून ठरवता?