मोरडावरचं कलिंगड : आधी चुना की आधी शेण?

डिचोलीवाला :
भात कापलं की मोरडावर, म्हणजे आपल्या गोव्यातल्या उंचवट्याच्या तांबड्या जमिनीत, कलिंगडाची आळी खणायची आणि लगेच खताच्या गोण्या फोडायच्या. माझं म्हणणं, पहिला खर्च चुन्यावर करा. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, कॅल्शियम धुऊन जातं, माती आंबट होते. अशा मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतात. सुपर फॉस्फेट कितीही ओता, वेलाच्या वाट्याला थोडंच येतं.

बार्देसची माई :
चुना-बिना काही नको हो. आमच्या पर्रा गावच्या कलिंगडांचं नाव काय चुन्याने झालं? शेण, राख, सुका पाला. बस्स.

डिचोलीवाला :
माई, मनोहर पर्रीकर सांगायचे ती पर्र्याची गोष्ट बियाण्याची. मोठी फळं पोरांना फुकट खायला घालून त्यांच्या बिया राखायचे. पुढे मोठी विकायला आणि बारकी पोरांना, म्हणून फळ आखडलं. मातीचा त्यात संबंध नाही. आणि राख म्हणजे चुन्याचीच चुलत बहीण, तीही आंबटपणा मारते!

कुळागरी :
कलिंगडाला साडेपाच सामू (pH, आंबटपणा मोजायचा आकडा) चालतो, चुना लागतो खरबुजाला. मोरडाचं खरं दुखणं वेगळंच आहे. खाली जांभा, वर वीतभर माती, ठिबकचं पाणीसुद्धा थेट खाली. गिरिपुष्पाचा पाला आळ्यात दाबा, पेंढा जाळू नका, वेलाखाली अंथरा. एका वर्षी अळसांदे, म्हणजे चवळी, दुसऱ्या वर्षी कलिंगड.

पेडण्याचा :
पाल्याने पाणी टिकेल, पोट कसं भरणार? शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, टनामागे 5 किलो, आणि तेही हळूहळू सुटणार. वेल तीन महिन्यांत आटोपतो. फळ धरल्यावर पोटॅश हवंच. गोणी नको म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडावा.

बार्देसची माई :
मांडा की! युरियाने वेल माजतो, पानंच पानं, फळाचा पत्ता नाही, तेही त्यात धरा. मात्र शेण कुजलेलंच हवं, ओल्या शेणाबरोबर हुमणी, ती मुळं खाणारी अळी, येते.

डिचोलीवाला :
आणि चुना नि शेण एकाच दिवशी नको, अमोनिया उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माती तपासल्याशिवाय तर चुना टाकूच नका.

पेडण्याचा :
ते पटलं. पण कुळागरीबाब, कलिंगडाविना ते अळसांद्याचं वर्ष आम्हाला कोण पोसणार?

कुळागरी :
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अळसांद्याचा भाव विचारून या, मग बोलू.