शुक्रवारचं फळ आणि 'इच्छाशक्ती'

झेडपी_मास्तर: "दर शुक्रवारी शाळेत फळ-दिवस ठेवा, फक्त इच्छाशक्ती हवी" ही डबेवाली_आईची पोस्ट वाचून राहवलं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. सरकारी दर अंड्यामागे पाच रुपये. बाजारात तेव्हा अंडं सहा-सातला. वरचे पैसे कोणी भरले? आम्हीच. तालुक्याहून मोटरसायकलच्या हँडलला पिशव्या अडकवून केळी आणायची, खड्ड्यांनी खालची फणी चेचायची, मग ती कोणी घ्यायची यावर पोरांची भांडणं. जानेवारी 2025 ला निधीच बंद. म्हणे लोकसहभागातून करा. इच्छाशक्ती कोणाची कमी पडली?

डबेवाली_आई: सरकार कुठून आलं मध्येच? मी आमच्या शाळेबद्दल लिहिलं होतं. पालक पाळीपाळीने पपई कापून, मोसंबी सोलून आणतात. रडगाण्यापेक्षा हे बरं.

पेरूवाली: तुमच्याकडे अजून पपईच? आमच्या वर्गात किवी झाली, ड्रॅगन फ्रूट झालं. माझ्या पाळीला पेरू काढले तर लेक म्हणाला, "हे नको ना, सगळ्यांसमोर." फळ-दिवस पोरांचा की आयांचा?

रावेरकर: खा ड्रॅगन फ्रूट! जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं काय लोणचं घालू? माल कापणीला आला की व्यापारी भाव पाडतोच. शाळांनी थेट आमच्याकडून घ्यावीत.

सात्त्विक: केळीच द्या सगळ्यांना. एकाच पंगतीत एकाला अंडं, एकाला केळं, शोभतं का?

झेडपी_मास्तर: शोभेसाठी जेवत नाहीत पोरं. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, अंड्यात सहा. घरून 'केळं' लिहून आणलेली पोरंही अंड्याच्या रांगेत येऊन उभी राहायची.

सात्त्विक: आणि तुम्ही दिलंत! हाच आमचा आक्षेप होता.

झेडपी_मास्तर: नाही दिलं. केळंच दिलं. त्यांची तोंडं बघायला तुम्ही यायला हवं होतं.

डबेवाली_आई: बरं, शहाणे तुम्ही. 'इच्छाशक्ती' खोडते, 'पैसे' लिहिते. पण डब्यात वेफर्स भरायला कुठला जीआर निघाला होता?

झेडपी_मास्तर: वेफर्सचं मान्य. पण पाच रुपयांचं पुडकं आमच्या फाटकासमोर मिळतं, केळ्याला तालुका गाठावा लागतो.